चौदा इन्स्ट्रक्शनचा असेंब्लर: कोडच्या आधी टेबल

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) छोटा रिस्क-फाइव्ह कोअर, म्हणजे त्या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचा प्रोसेसर, बनवला आहे. आरव्ही३२आयमधल्या, म्हणजे त्याच्या ३२ बिटी मूळ संचातल्या, तेराच इन्स्ट्रक्शन घेतल्या आहेत: ॲड, सब, अँड, ऑर, एसएलटी, ॲडआय, एलडब्ल्यू, एसडब्ल्यू, बीईक्यू, बीएनई, जेएएल, जेएएलआर आणि एलयूआय. चौदावी स्वतःची, ‘एबीडी’. दोन रजिस्टरमधल्या आकड्यांची वजाबाकी करून चिन्ह काढून टाकणारी. आजवर प्रोग्रॅम एक्सेलमध्ये हातानं हेक्स करून भरले, पण तीस ओळींच्या पुढे ते झेपेनासं झालं आहे. आता ग्नूचा तयार असेंब्लर (इन्स्ट्रक्शनची नावं वाचून प्रोसेसरचे आकडे बनवणारा प्रोग्रॅम) बदलावा, स्वतःचा लिहावा, की टेबलवरून जनरेट करावा?

टेबलवरून करा. फक्त ‘जनरेट’ या शब्दाला घाबरू नका. तुमच्या मापाला पायथनच्या दीड-दोनशे ओळी पुरतात, आणि त्यातल्या निम्म्या चुका पकडण्यासाठी खर्च झाल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. इन्स्ट्रक्शनची माहिती वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, पायथन ती फाइल सुरुवातीला वाचेल आणि त्यावरून चालेल. टेबलवरून सोर्स कोड छापायची पायरी असेंब्लर सीमध्ये हवा असेल तरच लागते. तुम्हाला ती नको.

(नावं आणि संज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे. तुमच्या फाइलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमनमध्येच ठेवा.)

ग्नूच्या असेंब्लरचं आधी बोलू, कारण बरेच जण तिथेच दोन आठवडे घालवतात. त्याच्या सोर्सला हात लावायची गरजच नाही. त्यात ‘डॉट इन्सन’ नावाचं डिरेक्टिव्ह आहे. फॉरमॅट, ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा प्रकार सांगणारे बिट), तो प्रकार आणखी नेमका करणारी दोन फंक्शन फील्ड आणि रजिस्टरं दिली की तो हवा तो वर्ड, म्हणजे ३२ बिटांची इन्स्ट्रक्शन, बनवून देतो. रिस्क-फाइव्हनं खासगी वापरासाठी काही ऑपकोड राखून ठेवले आहेत. त्यातला पहिला, कस्टम-०, म्हणजे ०००१०११, दशमानात ११. तुमची एबीडी तिथे बसवा, वर एक मॅक्रो लिहा, झालं काम. कोअर पूर्ण आरव्ही३२आयचा असता तर मी इथेच थांबलो असतो. आयआयटी मद्रासचा शक्ती किंवा सी-डॅकचा वेगा यांच्यावर काम करणाऱ्याला नवा असेंब्लर लिहावा लागत नाही, तयार टूलचेन (कंपायलर, असेंब्लर, लिंकर) चालते.

तुमची अडचण वेगळी आहे. आरव्ही३२आयमध्ये ४० इन्स्ट्रक्शन आहेत, तुमच्याकडे तेरा. उरलेल्या २७ ग्नूचा असेंब्लर आनंदानं घेईल. समजा तुमच्या मित्रानं सवयीनं ‘एसएलएलआय एक्स५, एक्स५, १’ लिहिलं, म्हणजे एक बिट डावीकडे सरकवा, दुप्पट करा. त्या इन्स्ट्रक्शनचा ऑपकोड ॲडआयचाच आहे, ००१००११. फरक फक्त १४ ते १२ या तीन बिटांत. तुमच्या कोअरमध्ये या ऑपकोडवर एकटी ॲडआय आहे, तेव्हा डिकोडरमध्ये (इन्स्ट्रक्शन ओळखणाऱ्या भागात) ते तीन बिट तपासायचे राहिले असण्याची शक्यता दाट. मी असे पाच-सहा विद्यार्थी-कोअर पाहिले, बहुतेकांत राहिले होते. मग कोअर ती ओळ ‘एक्स५ मध्ये १ मिळवा’ अशी चालवतो. आणि गंमत बघा, चाचणीत एक्स५ मध्ये १ ठेवला असेल तर दुप्पट केली तरी २, एक मिळवला तरी २. चाचणी पास!

म्हणून छोट्या सेटचा असेंब्लर काय स्वीकारतो यापेक्षा काय नाकारतो हे मी आधी बघतो. ‘ओळ ४१: एसएलएलआय या कोअरमध्ये नाही’ एवढं एक वाक्य छापण्यासाठीसुद्धा तो लिहिणं परवडतं.

टेबल कसं असावं? कोरी फाइल घेऊन बसू नका. रिस्क-फाइव्हच्या अधिकृत ‘ऑपकोड्स’ रिपॉझिटरीत प्रत्येक इन्स्ट्रक्शनची एक ओळ तयार आहे. ॲडआयची अशी:

ॲडआय आरडी आरएस१ आयएमएम१२ १४..१२=० ६..२=४ १..०=३

आधी नाव, मग बदलणारी फील्ड (आरडी म्हणजे उत्तर जिथे जातं ते रजिस्टर, आरएस१ आणि आरएस२ म्हणजे ज्यांतून आकडे येतात ती, आयएमएम म्हणजे इमिजिएट, ओळीतच लिहिलेला आकडा), मग कायम बिट कुठे आणि किती. एवढ्यावरून दोन आकडे निघतात. मास्क, म्हणजे कोणते बिट कायम आहेत (इथे १४ ते १२ आणि ६ ते ०), आणि मॅच, म्हणजे त्या जागी काय हवं (इथे १९). एन्कोड करताना मॅच घ्यायचा आणि त्यावर फील्ड बसवायची. डिकोड करताना वर्ड आणि मास्क यांचं अँड करून मॅचशी जुळतं का बघायचं. तेरा ओळी तिथून उचला, चौदावी स्वतः लिहा. एक कॉलम मात्र तुम्हाला जोडावा लागेल: ओळ लिहिताना ऑपरँड कोणत्या क्रमानं येतात. एलडब्ल्यू आणि एसडब्ल्यूमध्ये (मेमरीतून वाचणारी आणि मेमरीत लिहिणारी) ‘८(एक्स६)’ असा कंस येतो, आणि एसडब्ल्यूमध्ये पहिलं लिहिलेलं रजिस्टर आरएस२ असतं, कंसातलं आरएस१. बीईक्यूमध्ये पहिलं ते आरएस१. हा क्रम कोडमध्ये इफ-एल्सनं सांभाळायला गेलात की टेबलाचा फायदा तिथेच संपला.

एक वर्ड हातानं करून बघाच. ‘ॲडआय एक्स५, एक्स६, १६’ घ्या. वरून खाली बारा बिट इमिजिएटचे, पाच आरएस१चे, तीन फंक्शनचे, पाच आरडीचे, सात ऑपकोडचे:

०००००००१०००० ००११० ००० ००१०१ ००१००११

चार-चारचे गट पाडले की हेक्समध्ये ०१०३०२९३. आमच्या पिढीनं हे ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर केलं आहे. शेजारी घडी पडून फाटत आलेला ऑपकोडचा तक्ता, बोटांनी ‘३ई’ दाबायचं, मग डेटा, मग नेक्स्ट. तेव्हा वैताग यायचा, पण त्यामुळे बिट कुठे बसतो हे हाताला कळायचं. प्रत्येक फॉरमॅटचा एक वर्ड कागदावर केल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नका असं मी आजही नव्या मुलांना सांगतो. सहा फॉरमॅट, सहा वर्ड, अर्धा तास.

आता जिथे खरा घोळ होतो तिथे येऊ: ब्रँच, म्हणजे अट जुळली तर उडी (बीईक्यूमध्ये दोन रजिस्टरं समान असली तर). बीईक्यूचं इमिजिएट वर्डमध्ये सलग बसत नाही. ऑफसेटचा (उडीच्या अंतराचा) बिट १२ वर्डच्या ३१ मध्ये जातो, बिट १० ते ५ हे ३० ते २५ मध्ये, ४ ते १ हे ११ ते ८ मध्ये, आणि बिट ११ एकटाच खाली, वर्डच्या बिट ७ मध्ये. यामागे हार्डवेअरची सोय आहे. चिन्हाचा बिट सगळ्या फॉरमॅटमध्ये ३१ लाच राहतो, आणि बाकीचे बहुतेक बिट स्टोअरच्या म्हणजे एसडब्ल्यूच्या फॉरमॅटमध्ये जिथे असतात तिथेच राहतात, त्यामुळे मल्टिप्लेक्सर (बिट निवडणारी सर्किटं) वाचतात. ब्रँचचा ऑफसेट नेहमी सम असतो, म्हणून त्याचा बिट ० साठवायची गरज नसते. ती रिकामी झालेली जागा बिट ११ ला दिली.

हे वाचलं नाही आणि ब्रँचलाही स्टोअरचाच फॉरमॅट लावला तर काय होतं? बराच काळ काहीच होत नाही. ‘बीईक्यू एक्स५, एक्स६, पुढे १६’ हे दोन्ही पद्धतींनी करून बघा, दोन्हीकडे ००६२८८६३ येतं. पुढे जाणारा, २०४८ पेक्षा कमी अंतराचा कुठलाही ब्रँच दोन्हींत सारखाच निघतो, कारण तेव्हा बिट ११ आणि १२ दोन्ही शून्य. फरक पडतो मागे उडी मारताना, म्हणजे नेमका लूपमध्ये. उणे ८ साठी बरोबर वर्डमध्ये बिट ७ हा १ असतो, स्टोअरच्या पद्धतीत तो ० राहतो. कोअर त्याचा अर्थ लावतो उणे २०५६.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती सापडायला आठ महिने लागले. एका कामासाठी असाच छोटा कोअर होता, इन्स्ट्रक्शन मेमरी ५१२ वर्डची, म्हणजे २०४८ बाइट. पीसीचे (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरचे) वरचे बिट मेमरीपर्यंत जातच नव्हते, पत्त्यासाठी नऊच बिट वापरले होते. आता २०५६ मागे जाणं आणि ८ मागे जाणं यांत फरक किती? बरोबर २०४८. म्हणजे मेमरीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून पीसी अगदी हव्या त्याच जागी येत होता! सगळे लूप चालत होते, डेमो झाला, शाबासकीही मिळाली. पुढे प्रोग्रॅम वाढला, मेमरी १०२४ वर्डची केली, आणि त्या दिवसापासून एकही लूप चालेना. उडी मेमरीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पडायची, तिथे सगळी शून्यं. आम्ही तीन दिवस मेमरीच्या कोडमध्ये चूक शोधत होतो, कारण बदललं तेवढंच होतं. सिम्युलेशनच्या वेव्हफॉर्ममध्ये पीसीचे वरचे बिट पहिल्या दिवसापासून वेडेवाकडे दिसत असणार, पण आम्ही खालचे नऊच उघडून बघत होतो.

त्यानंतर माझ्या टेबलात प्रत्येक फॉरमॅटच्या इमिजिएटचा नकाशा डेटा म्हणून असतो: ‘१२→३१, १०..५→३०..२५, ४..१→११..८, ११→७’. जेएएलसाठी ‘२०→३१, १०..१→३०..२१, ११→२०, १९..१२→१९..१२’. कोडमध्ये शिफ्ट आणि मास्कच्या ओळी विखुरलेल्या असल्या की त्या कुणी पुन्हा वाचत नाही. नकाशा एका नजरेत स्पेसिफिकेशनशी ताडून बघता येतो.

इमिजिएटच्या मर्यादेबद्दल कडक राहा. पायथनमध्ये ऋण आकड्याला बारा बिटांचा मास्क लावला की आपोआप टूज काँप्लिमेंट (ऋण आकड्याची बिटांतली मांडणी) मिळतो. सोपं वाटतं, म्हणून सगळे तसंच लिहितात आणि मर्यादा तपासायची विसरतात. ॲडआयला उणे २०४८ ते २०४७ एवढंच झेपतं. कुणी ४००० लिहिलं तर मास्क मुकाट्यानं ते घेतो आणि कोअरला ते उणे ९६ दिसतं. तेव्हा आधी मर्यादा, मग मास्क. ब्रँचला उणे ४०९६ ते ४०९४, तेही समच. आणि तुमच्या कोअरमध्ये १६ बिटी इन्स्ट्रक्शन नाहीत, म्हणून ऑफसेट चारच्या पटीत नसेल तरीही नाकारा.

मग ४००० हवेच असतील तर? त्यासाठी ‘एलआय’ ही सोयीची, खोटी इन्स्ट्रक्शन तुम्हाला लागणारच. ती एलयूआय (रजिस्टरचे वरचे वीस बिट भरणारी) आणि ॲडआय अशा दोन खऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये मोडते, आणि इथे दुसरा खड्डा आहे. ४००० चे खालचे बारा बिट ॲडआयच्या लेखी उणे ९६ असतात, म्हणून वरच्या भागात एक वाढवावा लागतो: एलयूआयनं १ दिला की ४०९६, त्यातून ९६ गेले की ४०००. सूत्र म्हणून लक्षात ठेवायचं तर आकड्यात २०४८ मिळवा, मग बारा बिट उजवीकडे सरकवा, तो एलयूआयचा भाग. हे विसरलात तर अर्धे आकडे बरोबर येतात, अर्धे ४०९६ नं चुकतात, आणि चाचणीत लहान आकडेच वापरले असतील तर कळतही नाही.

बाकी खोट्या इन्स्ट्रक्शन सोप्या आहेत. एनओपी म्हणजे ॲडआय एक्स०, एक्स०, ०. एमव्ही म्हणजे शून्य मिळवणारी ॲडआय. ‘जे’ म्हणजे आरडीला एक्स० दिलेली जेएएल. आरईटी म्हणजे एक्स१ वरची जेएएलआर. यांचं वेगळं छोटं टेबल करा. त्यात बदलीचा मजकूर ठेवा, बिट ठेवू नका.

पार्सरवर वेळ घालवू नका. लेक्स-याकसारखी पार्सर बनवणारी साधनं, ग्रामर, काही लागत नाही. कॉमेंट कापा, कोलनच्या आधीचं लेबल उचला, उरलेलं पहिल्या स्पेसवर आणि मग स्वल्पविरामांवर तोडा. दोन पास करा, पहिल्यात लेबलांचे पत्ते, दुसऱ्यात एन्कोडिंग. एलआय एक वर्डची की दोन, हे पहिल्याच पासमध्ये ठरलं पाहिजे. पुढे येणाऱ्या लेबलाचा पत्ता एलआयला दिला असेल तर आकडा अजून माहीतच नसतो, तिथे डोळे मिटून दोन वर्ड धरा. एका वर्डची बचत करायला गेलेला माणूस दुसऱ्या पासमध्ये सगळे पत्ते सरकवून बसतो.

टेबल लोड होताना एक तपासणी दर वेळी चालवा: कुठल्याही दोन इन्स्ट्रक्शन एकमेकींवर पडतात का. दोन्ही मास्कमध्ये जे बिट एक आहेत तेवढेच घ्या. त्या जागी दोन्ही मॅच सारखे निघाले, तर एकच वर्ड दोघींना लागू होतो. ॲडच्या ओळीत वरचे सात बिट लिहायचे राहिले तर ती सबवर पडेल आणि ही तपासणी लगेच बोंब मारेल. काही प्रोसेसरमध्ये असा अपवाद मुद्दाम ठेवलेला असतो. ८०८५ मध्ये मूव्हचा साचा ०१ आणि मग दोन रजिस्टरांचे तीन-तीन बिट, म्हणजे ६४ कोड व्हायला हवेत. पण ‘मूव्ह एम, एम’ च्या जागी, हेक्स ७६ वर, हॉल्ट बसवला आहे. अशा वेळी टेबलात ‘हा वगळून’ असं स्पष्ट लिहायची सोय हवी. तुमच्या तेरा इन्स्ट्रक्शनमध्ये असं काही नाही.

आता एक मोह टाळा. टेबल हाती आलं की वाटतं, याच्यावरूनच व्हेरिलॉगमधल्या (हार्डवेअर लिहायच्या भाषेतल्या) डिकोडरचे स्थिरांकही काढावेत, डिसअसेंब्लरही (वर्डवरून परत ओळ काढणारा) काढावा, म्हणजे सगळं एका जागी. काढा, मीही काढतो. पण मग टेबलातली चूक असेंब्लरमध्येही असते आणि कोअरमध्येही, दोघांचं एकमेकांशी छान जुळतं, आणि तुमचा कोअर स्वतःच्याच बोलीभाषेत रिस्क-फाइव्ह बोलू लागतो. असेंबल करून डिसअसेंबल केलं, मूळ ओळ परत मिळाली, ही चाचणी अशा चुकांसाठी आंधळी असते. साक्षीदार बाहेरचा हवा, आणि तो ग्नूचा असेंब्लर. म्हणजे पहिल्या पर्यायाचाही उपयोग झालाच.

प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या दोनेकशे ओळी यादृच्छिक ऑपरँड घालून तयार करा, त्याच ओळी दोन्ही असेंब्लरना द्या, वर्ड ताडून बघा. मर्यादेच्या कडेचे आकडे मुद्दाम घाला: उणे २०४८, २०४७, उणे १, ०. दोन रजिस्टरं कधी सारखी ठेवू नका. बीईक्यूमध्ये आरएस१ आणि आरएस२ ची अदलाबदल झाली तरी बोर्डवर काहीच बिघडत नाही, समान ते कुठूनही समानच. बीएनईचंही तेच, आणि तुमच्या एबीडीचंही. पुढच्या सेमिस्टरला कुणी बीएलटी (लहान असेल तर उडी) घातली की ते बाहेर येतं. वर्ड ताडलात तर आजच येईल.

ताडताना दोन गोष्टी त्रास देतात. ग्नूला आर्किटेक्चर आरव्ही३२आय एवढंच सांगा. त्यात ‘सी’ आला की तो १६ बिटी इन्स्ट्रक्शन पेरतो. आणि ऑब्जेक्ट फाइलमधले वर्ड थेट घेऊ नका. रिस्क-फाइव्हमध्ये लिंकर (ऑब्जेक्ट फाइल जोडून अंतिम प्रोग्रॅम करणारा) कोड आखडू शकतो, म्हणून लेबलाकडे जाणाऱ्या ब्रँचचा ऑफसेट असेंब्लर बरेचदा लिंकरवर सोपवतो आणि ऑब्जेक्ट फाइलमध्ये ती जागा शून्य दिसते. लिंक केलेल्या फाइलमधून बायनरी काढा आणि मग तुलना करा. तसंच बाइटचा क्रम: ०१०३०२९३ हा वर्ड बायनरी फाइलमध्ये ९३ ०२ ०३ ०१ असा पडतो, तर व्हेरिलॉगच्या रीडमेमएचला (फाइलमधून मेमरी भरणाऱ्या आज्ञेला) ३२ बिटी मेमरीसाठी पूर्ण वर्ड हवा. तुमचा असेंब्लर थेट ओळीला एक वर्ड छापेल, तेव्हा हा गोंधळ फक्त तुलनेच्या स्क्रिप्टमध्ये येईल. पण तिथे तो येतोच.

तयार साधनं हवी असतील तर ‘कस्टमॲझम’ बघा, नियम लिहिले की असेंब्लर तयार. तुमच्या प्रोजेक्टला ते आजही चालेल. फक्त चूक सांगण्याची भाषा त्याची असेल, तुमची नाही. कल्पना मात्र जुनी आहे. डॉसच्या काळात टीॲझम नावाचा टेबलवर चालणारा शेअरवेअर असेंब्लर होता. ८०८५, ८०५१, झेड८० साठी त्याला वेगवेगळी टेबलं द्यायची. ग्नूच्या घरातला सीजेन स्कीम भाषेतल्या वर्णनावरून असेंब्लर आणि डिसअसेंब्लर दोन्ही काढतो, एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचं टेबलजेन याच वाटेनं जातं. तुमच्या चौदा ओळींसाठी ते दोन्ही म्हणजे चहा करायला अख्खं आचाऱ्याचं पथक बोलावणं.

शेवटी लिस्टिंग. पत्ता, वर्ड, मूळ ओळ क्रमांक आणि मूळ ओळ, अशी फाइल पहिल्या दिवसापासून छापा. आणि बोर्डवर टाकण्याआधी तुमची बायनरी ग्नूच्या ऑब्जडंप या डिसअसेंब्लरला कच्ची बायनरी म्हणून, आर्किटेक्चर रिस्क-फाइव्ह ३२ बिट असं सांगून द्या. तो तुमच्या टेबलाकडे न बघता प्रत्येक वर्ड वाचून दाखवतो आणि ब्रँचपुढे उडीचा पत्ता छापतो. एबीडीच्या जागी त्याला नाव माहीत नसल्यामुळे नुसता आकडा दिसेल, तेवढा सोडा. आमच्या त्या लूपपुढे त्यानं पहिल्याच दिवशी प्रोग्रॅमच्या कितीतरी बाहेरचा पत्ता छापला असता.